आखणी न केलेले चेहरे

पेणमध्ये मला राहायला खोली मिळाली ती आर्टिस्टकाकांमुळे. हे आधी लिहून टाकते. पुढचं लिहिताना मन कुठे जाईल सांगता येत नाही, आणि हेच राहून गेलं तर मला झोप लागणार नाही.

"असू दे गो," असं म्हणून ते डावा पंजा हवेत आडवा फिरवायचे, ओल्या पाटीवरचा रंग पुसल्यासारखा. चहात माशी पडली, असू दे. पावसात फळी भिजली, असू दे. कोणी तोंडावर टोमणा मारला, तरी असू दे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. त्याला राग येतो की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.

मी यवतमाळकडची. शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन रोह्याला आले, कारण माझा माणूस तिथल्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. ठेका संपला तसा तो गुजरातला गेला. "काम लागलं की बोलावतो," म्हणाला. आधी रोज फोन यायचा, मग आठवड्याने, मग लागेनासाच झाला. रोह्याची खोली ठेकेदाराची होती, ती सोडावी लागली. शेजारणीने सांगितलं, पेणला गणपतीच्या कारखान्यात बायांना काम मिळतं. तशी आले. काम मिळालं, पण खोली काही मिळेना. एकट्या बाईला सगळ्यांचा पहिला प्रश्न, "मालक कुठं असतात?" या प्रश्नाला मी काहीही सांगितलं तरी दार लागायचं.

माझं काम घासायचं. साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायची. कारखाना तात्यांचा. तात्या म्हणजे पेणमधले नावाजलेले आखणीवाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळे रंग झाले की शेवटी डोळे. आणि डोळे झाल्याशिवाय रंगवलेली मूर्ती गाडीत चढत नाही. पांढरी कच्ची मूर्ती गेली तर चालतं, तिचे डोळे घेणारा काढून घेतो. पण अंगाला रंग आणि डोळे नाहीत, अशी मूर्ती कारखान्याबाहेर काढली तर तात्यांना ते नुसतं अपुरं नाही, अशुभ वाटायचं.

कारखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे आर्टिस्टकाका राहायचे आणि चित्रं काढायचे. एका संध्याकाळी मी कारखान्याच्या पायरीवर पिशवी घेऊन बसलेली त्यांनी पाहिली. काही विचारलं नाही. समोरच्या आळीतल्या एका म्हातारीच्या घरी घेऊन गेले.

"ही माझी भाची हाय," त्यांनी सांगून टाकलं. "खोली दे हिला."

म्हातारी म्हणाली, "तुला बहीण एकच, ती रोह्याला. ही भाची कुठची आनलीस?"

"यवतमाळला दिलेली एक व्हती."

"कधी दिलेली?"

"तू लग्नात नव्हतीस म्हणून तुला नाय माहीत."

म्हातारी हसायला लागली आणि किल्ली दिली. त्या दिवसापासून त्या आळीत मी आर्टिस्टची भाची. कोणी कधी मालक कुठे असतात ते विचारलं नाही. हे लहान वाटेल, पण ज्याला रोज दहा दारांत तेच विचारलं जातं त्याला विचारा.

आता त्यांच्या चित्रांविषयी. मला चित्रातलं कळत नाही, बघितलं ते सांगते.

काका खाडीकडचे, मिठागरावर काम करणाऱ्या घरातले. लहानपणी तात्यांकडे शिकायला आले. रंगाचा हात चांगला होता, पण आखणी काही जमेना. तात्या सगळ्यांसमोर सांगायचे, "याचा उजवा डोळा कायम डाव्याकडं बघतो. गणपती आहे का बाजारात पाकीट शोधणारा माणूस?" सगळे हसायचे, काकाही हसायचे. शेवटी त्यांनी मूर्ती सोडल्या आणि पाट्या रंगवायला घेतल्या. पेण ते रोहा रस्त्यावरच्या किती दुकानांच्या पाट्या त्यांच्या होत्या! मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. हातात उरले ते ऑइलपेंटचे अर्धे डबे.

त्या डब्यांतूनच त्यांची चित्रं सुरू झाली. प्लायवूडच्या फळ्या घ्यायच्या आणि त्यावर रोजच्या वस्तू काढायच्या, पण माणसाएवढ्या मोठ्या. साबणाचं कव्हर, बिस्किटाचा पुडा, काडेपेटी, एसटीचं तिकीट. रंग सपाट, भडक, सावली अजिबात नाही, भोवती काळी जाड रेघ. आणि एक काढून थांबायचं नाही. तीच काडेपेटी गुलाबी, तीच पोपटी, तीच हळदीची, रांगेने. "कारखान्यात बघ," ते म्हणायचे, "एका साच्यातले सगळे. पण समोर उभा राहून बघ, एक जरा रुसलेला असतो, एक झोपेतला असतो. तसं हाय हे."

आळीतले लोक मात्र भलतंच बघायचे. किराणावाला एकदा साबणाच्या कव्हराचं चित्र बघून म्हणाला, "कंपनी किती देते?"

"काय नाय देत."

"मग फुकट जाहिरात? मग माझ्या दुकानाची कर की! मी चहा तरी पाजतो."

"तुझ्या दुकानाला चेहरा कुठं हाय?"

"साबणाला हाय?"

"हाय. तू विकतोस, बघत नायस."

एकदा एका आर्ट कॉलेजचे सर मूर्ती बघायला आले होते. मागच्या शेडमध्ये डोकावले आणि तासभर बाहेर आलेच नाहीत. जाताना म्हणाले, याला पॉप आर्ट म्हणतात, परदेशात याची मोठी नावं आहेत. काका विचारात पडले. संध्याकाळी मला म्हणाले, "बघ गो, मला वाटलं मी बिघडलोय. याला तर नाव हाय."

त्या सरांच्या ओळखीने मुंबईतल्या गॅलरीच्या एक मॅडम आल्या. चांगल्या बाई होत्या, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी सांगितलं, एकाच विषयावर भिंतभर चित्रं करा, आपण फक्त तुमचं प्रदर्शन लावू. काकांनी त्यासाठी सगळं सोडून दिलं. बोर्ड, लग्नाच्या कमानी, काही घेतलं नाही. पन्नाशी उलटलेली, घरदार नाही. "हे एक माझं झालं पायजे," एवढंच म्हणायचे. "आजवर दुसऱ्याच्या दुकानाची नावं लिवली."

विषय सापडला रोह्याला. बहिणीकडे गेले की ते कंपनीच्या गेटसमोर टपरीवर बसायचे आणि शिफ्ट सुटताना बघायचे. सगळ्यांचं हेल्मेट तेच, तोंडावरचा मास्क तोच, चालणं तेच. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर त्यांनी एक चेहरा कापला, तो छाप. तोच छाप फळीवर ठेवून चेहरे काढले. गुलाबी कामगार, पोपटी कामगार, शेंदरी कामगार. पिवळं हेल्मेट, काळी रेघ. आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. नुसता सपाट रंग.

मी फळ्या घासून द्यायचे. कारखान्याचं काम संपलं की दोन तास त्यांच्याकडे. पहिला चेहरा झाला तेव्हा मी विचारलं, "काका, डोळे?"

"नाय त्यांना."

"का?"

"आठ तास डोळं घरी ठेवून येतात ती. मी बघितलंय."

माझा माणूस शिफ्टवरून यायचा, ताटासमोर बसायचा, माझ्याकडे बघायचा आणि त्याला मी दिसत नसायचे. चार वर्षं मला वाटत होतं की माझ्यातच काही कमी आहे. त्या गुलाबी चेहऱ्यासमोर उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तसं नसेल. मी तिथेच खाली बसले. काकांनी ब्रश खाली ठेवून चहा टाकला. "तुझ्या माणसासारखा दिसतो?" म्हणाले. मी मान हलवली. "सगळ्या बायांना तसाच दिसंल," ते म्हणाले.

चेहरे पुरे झाले. शेडच्या तिन्ही भिंती भरल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईचा टेम्पो यायचा होता. काका सकाळच्या गाडीने रोह्याला गेले. बहिणीला मुंबईला प्रदर्शन बघायला न्यायचं होतं, तिला घेऊन रात्री परत येणार होते.

दुपारी तात्या शेडमध्ये आले.

तात्यांचं वय सत्तरीच्या पुढे. गुडघे गेलेले, पण हात अजून स्थिर. ते भिंतीकडे बघत उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. मला म्हणाले, "उद्या गाडी येणार ना?"

"हो तात्या."

"आणि हे असे जाणार? आंधळे?"

मी म्हटलं, "ते तसेच आहेत. काकांनी तसेच काढलेत."

"तुला नाय कळायचं. त्याला जमत नाय ते. लहानपणापासून नाय जमलं. लाजला असंल सांगायला." मग हळूच म्हणाले, "मी लई हसलो त्याला. पोरांसमोर हसलो."

त्यांनी कारखान्यातल्या पोराकडून आपली आखणीची पेटी मागवली. बारीक ब्रश, काळा रंग, पांढरा रंग. स्टूल ओढलं. मी मध्ये उभी राहिले. खरंच राहिले. म्हटलं, "तात्या, राहू द्या ना, काका येऊ देत."

"बाजूला हो बाय. अंधार पडंल मग."

कारखान्यातले दोघेतिघे जमले होते. कोणाच्याही तोंडावर शंका नव्हती. मालाची गाडी यायच्या आदल्या दिवशी आखणी होतेच, त्यात विचारायचं काय? उलट एक जण म्हणाला, "आर्टिस्टचं नशीब उघडलं तात्यांनी." मी परगावची, त्यांच्याच कारखान्यात घासणारी बाई. बाहेर जाऊन काकांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. घाईत दुसऱ्याच कोणाला लागला. चौथ्यांदा काका बोलले.

मी सगळं सांगितलं. पलीकडून टपरीवरच्या कपबशांचा आवाज येत होता.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"एक भिंत झाली. दुसरी सुरू आहे. मी फोन देऊ त्यांना? तुम्ही सांगा, थांबतील."

मग म्हणाले, "हसत हायेत काय तात्या?"

मी आत डोकावले. तात्या ब्रश दातात धरून मागे सरून बघत होते. "रडतायत," मी म्हटलं. "आणि हसतायत."

"मग असू दे गो. चहा दे त्यांना. साखर कमी टाक, त्यांना चालत नाय."

काका रात्री बहिणीला घेऊन आले. तात्या जागे होते, त्यांची वाट बघत. काकांनी तिन्ही भिंती बघितल्या. मी दाराशी उभी होते, वर बघायची हिंमत नव्हती. ते गेले, तात्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "तात्या, झकास."

डोळे वाईट असते तर बरं झालं असतं. ते फार सुंदर होते. लांबट, शांत, किंचित हसरे. गणपतीचे डोळे, कंपनीच्या हेल्मेटखाली. आदल्या दिवसापर्यंत जो चेहरा माझ्या माणसासारखा दिसत होता, तो आता मायेने माझ्याकडे बघत होता. आणि मला माहीत होतं की माझ्या माणसाने असं कधीच बघितलं नव्हतं.

मुंबईत मॅडमनी फळ्या उतरवून घेतल्या आणि एकेक भिंतीला टेकवून बघितली. "कामगाराला देवाचे डोळे!" त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. लोक आले, गर्दी झाली, सगळी चित्रं विकली गेली. पेपरवाल्या एका मुलीने काकांना विचारलं, "हे डोळे कसे सुचले?"

"मला नाय सुचले. तात्यांनी काढले."

तिला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की हा कलावंत आजही आपल्या गुरूचा हात आपल्या हातात आहे असं मानतो. काकांनी मॅडमना पुन्हा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मग दोघांचं नाव घालू या. काका पेणला आले आणि तात्यांना विचारलं. तात्या हसले. "माझं नाव? मूर्तीवर कुणी नाव टाकतं होय रे? येडा झालास?"

तात्यांचे गुडघे मुंबईला जाण्याजोगे नव्हते. त्यांनी विचारलं, "लोक काय म्हणले?"

"सगळ्यांनी डोळ्यांचंच नाव काढलं तात्या."

हे खरंच होतं. तात्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि सगळ्या कारखान्याला भजी मागवली. काकांनीही खाल्ली. त्यांच्या शेजारी बसून मी खाल्ली. घास कसा उतरला ते मला माहीत आहे. त्यांचं त्यांना.

मग मागणी आली. अजून चेहरे हवेत, तेच डोळे. तात्या जिवंत होते तोवर त्यांनी काढले, आनंदाने, बोलवायची वाट न बघता. काका चेहरे रंगवून भिंतीला लावायचे आणि बाहेरच्या टपरीवर जाऊन बसायचे. तात्या गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. काकांनी सांगितलं, डोळे काढणारा गेला. त्या म्हणाल्या, पेणमध्ये आखणीवाले कमी आहेत का?

कमी नव्हते. एका चांगल्या हाताच्या पोराला काकांनी बोलावलं. त्याने एक चेहरा केला, छान केला. काकांनी त्याला परत पाठवलं. मला म्हणाले, "छाप एक्स-रेचा, डोळं त्याचं, फळी तुझी. मी काय केलं यात? ठेकेदारच झालो की."

मग ते स्वतः बसले. वर्तमानपत्रावर डोळे काढायचे. रोज. उजवा डाव्याकडे बघायचा. मी चहा घेऊन गेले की कागद उलटा करायचे. मला काही करता आलं असतं का? अजूनही विचार करते. जो हात नाही तो कोणी कोणाला देऊ शकत नाही. मी फळ्या घासत राहिले, तेवढंच येत होतं. इतक्या घासल्या की पॉलिश पेपरने माझ्या बोटांची सालं निघाली.

शेवटी एक दिवस त्यांनी ब्रश धुतला आणि एक चेहरा रंगवला, पहिल्यासारखा. जांभळा. डोळे नाहीत. दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. फार दिवसांनी चेहरा उजळलेला दिसला. फळी गोणपाटात बांधून एसटीने मुंबईला गेले. मीही बरोबर होते, कारण फळी मोठी होती आणि त्यांना एकट्याला धरवली नसती.

मॅडमनी प्रेमाने पाणी दिलं, खुर्ची दिली. चित्र नीट बघितलं. मग म्हणाल्या, "काका, सुंदर आहे. पण अपुरं वाटतंय ना? पूर्ण करून आणाल?"

काकांनी पंजा उचलला, हवेत अर्ध्यावर थांबवला आणि खाली ठेवला. परतीच्या एसटीत फळी आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर आडवी होती. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ते, दरवाजा?" काका म्हणाले, "व्हय. बंद हाय."

पावसाळ्याआधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बहीण येऊन रोह्याला घेऊन गेली. तात्यांच्या मुलाला शेड हवी होती, त्याचंही चुकलं नाही. सीझनला माल ठेवायला जागा लागते. जांभळी फळी आता कारखान्यातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. रंगाची बाजू आत, म्हणजे रंग टिकतो म्हणे. मी दोनदा मागितली. "देतो की," तो म्हणतो.

सुट्टीच्या दिवशी मी पेणहून रोह्याची गाडी पकडते. परवा गेले तेव्हा काका ओटीवर खुर्चीत होते. त्यांच्या बहिणीकडे कोणी पाहुणा आला होता, त्याने कौतुकाने विचारलं, "डोळेवाले आर्टिस्ट ना तुम्ही? माझ्या साहेबांच्या घरी आहे तुमचं चित्र. काय डोळे आहेत!" काका त्याच्याकडे बघून बरोबर अर्धं हसले, उरलेलं अर्धं तोंड हलत नाही.

पाहुणा गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. बोलणं जड झालंय, पण मला कळतं.

"तुझं गाव कसं हाय गो?"

मी म्हटलं, "काही नाही तिथे. काळी जमीन, कापूस. वीज येते जाते. भाऊ आहे, त्याला माझं येणं फारसं आवडणार नाही."

"मला कोण वळखतो तिथं?"

"कोणीच नाही."

"कोणीच?"

"कोणीच नाही काका."

त्यांनी डोळे मिटले. "मग ने मला एकदा," म्हणाले.

डॉक्टर म्हणतात, लांबचा प्रवास नको. बहीण म्हणते, वेडी आहेस का. भावाला मी अजून विचारलेलं नाही, विचारायला भीती वाटते. माझ्या हातात यातलं काही नाही, हे मला कळतं. पण भावाच्या दाराशी उभं राहून काय सांगायचं, ते ठरलंय. हे माझे मामा आहेत, सांगेन. कोणते मामा, आपल्याला मामाच नव्हते, असं तो म्हणेल. मग मीही सांगेन, होते, तू लहान होतास. काका, तुम्ही मला परक्या गावात नातं दिलंत, ते मी एक दिवस माझ्या गावात फेडीन. तुम्हाला घेतल्याशिवाय मी एकटी घरी जाणार नाही.